बंद खोलीतला ताप

डॉक्टर शैलजा खेर्डेकर जिना चढून वर आल्या, तेव्हा दवाखान्यातला पांढरा कोट त्यांच्या अंगावर तसाच होता. एकोणीसशे एकोणसत्तरच्या जानेवारीतली ती गुरुवारची सकाळ. बुलढाण्याच्या बाजारात, बियाण्यांच्या दुकानावर भालचंद्र असोलकरांची एकच खोली होती आणि दारावर 'खाजगी तपास' अशी पाटी. असोलकरांनी वीस वर्षं एका विमा कंपनीसाठी आगी, अपघात आणि शंकास्पद मृत्यू तपासले होते. आता वकील मंडळी आणि अडचणीत सापडलेली माणसं त्यांच्याकडे येत.

खोलीत दुसरा माणूस म्हणजे तुळशीराम. पोलिसात हवालदारकी करून निवृत्त झालेला, अंगानं भारी, मनानं सरळ. साहेबांना जे कळतं ते आपल्यालाही कळतं, फक्त जरा उशिरा, अशी त्याची समजूत होती.

"मला एका तापाचा तपास करून हवाय," डॉक्टर म्हणाल्या.

आपण चुकीचं ऐकलं असं तुळशीरामला वाटलं. असोलकरांनी मात्र खुर्ची पुढे सरकवली.

"आधी बसा. पहिल्यापासून सांगा."

"मागच्या बुधवारी सकाळी इथल्या शाळेतले मोतीराम गुरुजी वारले. मूळचे रोहिणखेडचे. ही साथ चालू आहे ना, पेपरवाले हाँगकाँगचा ताप म्हणतात, त्यानंच गेले. छातीत कफ भरला. मेल्यावर माझे डोळे द्या, असं त्यांनी वर्षापूर्वीच माझ्याकडे लिहून दिलं होतं. मी घरी जाऊन डोळे काढून आणले. गुरुवारी दोन ऑपरेशनं केली. बुबुळापुढची काच पांढरी झालेली असली की ती गोल कापून काढायची आणि गुरुजींच्या डोळ्याची स्वच्छ काच तिथं शिवायची. एक डोळा दुसरबीडच्या भगवानरावांना बसवला, दुसरा संग्रामपूरच्या गोजरबाईंना."

"आणि ताप?"

"परवा मंगळवारी, दुपारी चारला भगवानरावांना ताप चढला. एकशेतीन. अंगदुखी, घसा लाल, खोकला. तीच साथ." डॉक्टरांनी कोटाचं बटण उगाच काढून पुन्हा लावलं. "ऑपरेशननंतर त्यांच्या खोलीत मी, माझी नर्स विमलबाई आणि आया शालूबाई, याशिवाय कोणी जात नाही. आम्ही तिघी त्या दिवशी ठणठणीत होतो. मग ताप आला कुठून? त्यांचे धाकटे भाऊ रामराव म्हणतात, मेलेल्याचा रोग डोळ्यातून डोक्यात शिरला. डोळा काढून फेका, नाहीतर पोलिसात जातो. गोजरबाईंच्या मुलीनं ते ऐकलं. आज चारच्या एसटीनं ती आईला घेऊन निघणार आहे. टाके आठ दिवसांचे आहेत, असोलकर. एसटीतल्या एका धक्क्यानं तो डोळा कायमचा जाईल."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"



"तापानं गेलेल्या माणसाचा डोळा घ्यावा की नाही, याबद्दल माझ्या पुस्तकांत एक ओळ नाही," डॉक्टर म्हणाल्या. " रोग छातीत होता, डोळा स्वच्छ होता, म्हणून मी घेतला. चूक केली असेल तर तेही मला कळलं पाहिजे. डोळ्यातूनच ताप आला असं निघालं, तर तसं स्पष्ट सांगा."

"गुरुजींच्या घरी त्या दिवशी कोण होतं?"

"गुरुजींची आई आणि भाऊ, दोघंही तापानं पडलेले. पत्नी कौशल्याबाई तेवढ्या उभ्या होत्या. रडल्या नाहीत. डोळे कोणाला बसवणार, एवढं एकच त्यांनी विचारलं. ते सांगायची माझी पद्धत नाही, म्हणून मी सांगितलं नाही. सोबत पेटी घेऊन शालूबाई होती, तिलाही बोलू नको म्हणून बजावलं."

असोलकरांनी घड्याळ पाहिलं. साडेदहा वाजले होते.

"चल, तुळशीराम."

* * *

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. लांबट व्हरांडा, त्यात शेजारी शेजारी दोन दारं. पहिली खोली भगवानरावांची, दुसरी गोजरबाईंची. व्हरांड्याच्या टोकाला मागच्या गल्लीत उघडणारं लाकडी फाटक होतं, पाणी भरायला.

व्हरांड्यातच रामराव उभे होते. पांढरं धोतर, डोळे तांबारलेले.

"आता तुम्ही काय करायलेत इथं? भाऊ माझा मरायलाय आत."

"तुम्ही कधी आलात?" असोलकरांनी विचारलं.

"ऑपरेशनच्या दिवशी होतो, संध्याकाळीच दुसरबीडला गेलो. मंगळवारी रात्री निरोप पोचला, बुधवारी सकाळी आलो. सहा वर्षं झाली माझ्या भावाला दिसत नाही. ऑपरेशन कर म्हणून मीच मागं लागलो होतो. तो नको म्हणत होता." त्यांचा आवाज जरा घसरला. "मला कोणी सांगितलं नाही की तो माणूस तापानं मेला म्हणून."

"ते सांगायला हवं होतं," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

विमलबाई चाळिशीच्या. तोंडावर चौपदरी मुखपट्टी, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. त्यांनी तापाचा तक्ता पुढे केला. मंगळवारी दुपारी दोनपर्यंत रेघ सरळ, चारला एकदम वर.

"मुखपट्टी सतत असते?" असोलकरांनी विचारलं.

"साथ सुरू झाल्यापासून डॉक्टरबाईंनी सक्ती केलीय. जेवताना तेवढी काढते. एक ते दोन मी घरी जेवायला जाते, तेव्हा शालूबाई दाराशी बसते."

"तिलाही मुखपट्टी?"

"खोलीत शिरताना. बाहेर बसल्यावर काढते ती, गुदमरतं म्हणते."

"तुम्ही रुग्णाजवळ बसता का? गप्पा मारायला, धीर द्यायला?"

"बसायला वेळ कुठं असतो? औषध घालते, पट्टी बघते, निघते. तेही कार्बोलिकच्या पाण्यात हात धुऊन. थंडीत बोटं बधिर होतात." त्या बोलताना हात हलवत, तशा बांगड्या वाजत.

"शालूबाई कुठे आहे?"

"कालपासून आली नाही. नातवाला बरं नाही, असा निरोप पाठवला."

तुळशीरामनं साहेबांकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. साहेबांनी ती नजर घेतली नाही.

मुखपट्टी बांधून दोघं आत गेले. भगवानराव उताणे पडले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलू नये म्हणून. खोकला आला की ते जबडा आवळून तो आतल्या आत दाबत.

"आज कसं आहे?" असोलकरांनी विचारलं.

"कालच्यापेक्षा बरं. ताप उतरायलाय. तुम्ही नवीन दिसता. तुमच्यासंगं एक जड माणूस आहे, चामड्याचा जोडा घातलेला."

तुळशीराम चमकला.

"सहा वर्षं कानानंच पाहतोय," भगवानराव म्हणाले. "इथं सगळ्यांनी माझी फार निगा केली. त्या नर्सबाईनं तर फारच. दुपारी येऊन माझा हात हातात घेऊन बसायच्या. एक शब्द नाही बोलायच्या."

"नर्सबाईच होत्या कशावरून?"

"आणखी कोण येणार इथं? बांगड्या तेवढ्या वाजत नव्हत्या, काढून ठेवल्या असतील. रविवारी बसल्या, सोमवारी बसल्या. रविवारी हात गार होता. सोमवारी चांगला ऊन, चुलीपुढून उठून आल्यासारखा. थंडीत बरं वाटलं."

"मंगळवारी?"

"मंगळवारी नाही आल्या. मी वाट पाहत होतो."

"एक शब्दही बोलल्या नाहीत, नक्की?"

भगवानरावांनी आठवून पाहिलं. "सोमवारी उठताना बोलल्या. 'दिसंल ना?' इतकंच. मी म्हणालो, ते तर तुम्हालाच ठाऊक."

खाटेशी एक ठेंगणं स्टूल होतं. असोलकरांनी बाहेर येऊन विमलबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "त्याची जागा खिडकीशी आहे. सोमवारी दुपारी मी परत तिथं ठेवलं होतं. मंगळवारी सकाळी रुग्णाला भरवायला मीच खाटेशी आणलं. पण सोमवारी दुपारी ते खाटेशी कोणी आणलं होतं, देव जाणे."

दुसऱ्या खोलीत गोजरबाई तशाच उताण्या पडल्या होत्या. लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, चेहऱ्यावर वण होते. ताप नव्हता, खोकला नव्हता. मुलगी कोकिळा गाठोडं बांधत होती.

"थांबा, बाई," असोलकर म्हणाले. "चारची एसटी आहे. मला तीनपर्यंत वेळ द्या."

"काऊन थांबू? मायच्या डोक्यात ताप शिरल्यावर थांबू?" कोकिळा म्हणाली. "मले एकच माय आहे."

"तुमच्या आईला या आठ दिवसांत कोणी भेटायला आलं?"

"कोनी नाई. मी एक घडीबी इथून हालली नाई. भाकरबी इथंच खाल्ली. डॉक्टरीणबाई आन् नर्सबाई, बस."

"शालूबाई?"

"थे दारातूनच पानी दे. दुपारी बाहीर बसे. सोमवारी बसल्या बसल्या रडून राह्यली होती. म्या इचारलं तं म्हने, चुलीच्या धुरानं डोये चुरचुरून राह्यले."

"दवाखान्यात चूल आहे?"

कोकिळेनं गाठ मारता मारता वर पाहिलं. "नाई," ती म्हणाली. "स्टो हाये."

* * *

शालूबाईचं घर तलावाच्या बाजूला होतं. नातू अंगणात गोट्या खेळत होता, अगदी टुणटुणीत. शालूबाई मात्र आत गोधडी पांघरून पडली होती. चेहरा लाल, ओठ सुकलेले.

"ताप कधी चढला?" असोलकरांनी दारातूनच विचारलं.

"बुधवारी पहाटे."

"मंगळवारी कसं वाटत होतं?"

"मंगळवारी तं मले काईच नव्हतं. धा बादल्या पानी आनलं. इचारा नर्सबाईले."

"मग नातवाचं नाव का सांगितलंत?"

शालूबाईनं गोधडी हनुवटीपर्यंत ओढली.

"गुरुजींच्या घरून येताना तुमच्या मागून कोणी आलं होतं का? किंवा नंतर फाटकाशी?"

तिनं भिंतीकडे तोंड केलं. "मले काई इचारू नका, साहेब. माह्या तोंडून कोनाचं नाव निंघनार नाई. नोकरी गेली तं जाऊ द्या."

बाहेर पडताच तुळशीराम म्हणाला, "साहेब, झालं की. ताप इनंच आनला. खोटं बोलली, तोंडावरची पट्टी काढून बसे, आन् आता गोधडीत हाये. अजून काय पाह्यजे?"

"तिला ताप कधी आला?"

"बुधवारी."

"आणि भगवानरावांना?"

"मंगळवारी," तुळशीराम म्हणाला आणि चालता चालता थांबला. "म्हंजे त्याले आधी आला."

"हो. तू चौकात थांब. मला वीस मिनिटं एका घरी जाऊन यायचंय. तिथं दोघांनी जाणं बरं नाही."

वीस मिनिटांची चाळीस झाली. साहेब परतले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून तुळशीरामला नीट अंदाज येईना. तपास लागल्यावर ते खुशीत असत. आज ते खुशीत होते, पण आवाज खाली होता.

* * *

पावणेतीनला सगळे डॉक्टरांच्या खोलीत जमले. रामराव, कोकिळा, विमलबाई, डॉक्टर. तुळशीराम दाराशी उभा राहिला.

"दोन शक्यता आहेत," असोलकर म्हणाले. "ताप डोळ्यातून आला किंवा दारातून आला. आधी डोळ्याचं पाहू. रामराव, गुरुजींचे डोळे दोन. एक तुमच्या भावाला, एक गोजरबाईंना. एकाच दिवशी, एकाच हातानं शिवलेले. रोग डोळ्यात असता तर दोघांनाही धोका सारखाच होता. गोजरबाईंना काही नाही."

"तिचं नशीब," रामराव म्हणाले.

"असू शकतं. म्हणून तेवढ्यावर थांबू नका. या साथीचा ताप अंगात शिरल्यावर किती दिवसांनी चढतो, डॉक्टर?"

"एक दिवस, दोन दिवस. फार तर तीन-चार."

"ऑपरेशन गुरुवारी. ताप पुढच्या मंगळवारी, म्हणजे पाच दिवस उलटून गेल्यावर. आणि ज्या डोळ्यातून रोग शिरला म्हणता, तो डोळा कसा आहे?"

"आज सकाळीच पट्टी उचलून पाहिला. लाली नाही, सूज नाही. काच अगदी स्वच्छ आहे."

"म्हणजे चोर ज्या खिडकीतून शिरला म्हणता, तिथली कडी शाबूत, चौकटीवर धूळ तशीच. मग मी दाराकडे वळलो." असोलकरांनी आवाज आणखी खाली आणला. "भगवानरावांना रविवारी आणि सोमवारी दुपारी एक बाई भेटत होती. हात धरून बसायची. ते समजले, नर्सबाई. पण विमलबाईंच्या बांगड्या वाजतात. त्यांचे हात कार्बोलिकच्या पाण्यानं गार असतात. त्या एक ते दोन इथं नसतात. आणि नर्स रुग्णाला 'दिसंल ना?' असं विचारत नाही. स्टूलही त्या बाईनंच खाटेशी ओढलं होतं."

"शालूबाई?" विमलबाईंनी विचारलं.

"तुळशीरामलाही तेच वाटलं. पण शालूबाई मंगळवारी धडधाकट होती, तिला ताप आला बुधवारी. भगवानरावांच्या नंतर. तिनं त्यांना दिला नाही. दोघांनाही तिसऱ्याच कोणाकडून मिळाला. त्या तिसरीचा हात रविवारी गार होता, सोमवारी ऊन, आणि मंगळवारी ती आलीच नाही."

तुळशीरामच्या तोंडून निघून गेलं, "तिले ताप भरला होता."

"सोमवारी भरत होता, मंगळवारी तिनं अंथरूण धरलं. गोजरबाईंकडे ती का गेली नाही? कारण तिथं कोकिळाबाई घडीभर हलल्या नाहीत. म्हणूनच तुमची आई बरी आहे, बाई. आता ती कोण? जिच्या घरात सगळे तापानं पडलेत. जिच्या हातात बांगड्या नाहीत. जिला भगवानरावांना दिसेल की नाही, हे त्यांच्या सख्ख्या भावाइतकंच जाणून घ्यायचं होतं. आणि जिला फाटकातून आत घेताना शालूबाईला रडू आलं."

डॉक्टर उठून उभ्या राहिल्या. "कौशल्याबाई."

"डोळे कुठं गेले, हे तिनं शालूबाईला विचारलं. शालूबाईच्यानं खोटं बोलवलं नाही. घरात सुतक, नवऱ्याला जाऊन पाच दिवस झालेले. अशा वेळी बाई घराबाहेर पडली हे कळलं तर लोक काय बोलतील, म्हणून दोघी गप्प. मी आत्ता त्यांच्याकडे जाऊन आलो. ताप उतरलाय. इथं काय चाललंय ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, 'माह्यं नाव झाकून त्या मायबाईचा डोया जात असन, तं घ्या नाव. सगळ्यायपुढं घ्या.' नाहीतर मी घेतलं नसतं."

कोकिळा भिंतीला टेकली आणि तशीच सरकत खाली बसली. मग पदरात तोंड घालून हुंदके देऊ लागली. विमलबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मंग मायले काई होनार नाई?" तिनं विचारलं.

"मी रोज पाहते आहे त्यांना," डॉक्टर म्हणाल्या. "त्या चांगल्या आहेत. त्यांना फक्त हलवू नका."

रामराव खिडकीशी गेले होते. "मग डोळा काढायचा नाही," ते पाठमोरेच म्हणाले. तो प्रश्न होता की निकाल, तुळशीरामला कळलं नाही. "मी काल दिवसभर हेच म्हणत होतो, मीच त्याला इथं आणलं. मीच मारलं."

"तुमच्या भावाचा ताप आज शंभरावर आलाय," डॉक्टर म्हणाल्या. "खोकला सांभाळला की झालं."

रामरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि ते भावाच्या खोलीकडे निघाले. विमलबाईंनी त्यांना दाराशी अडवून मुखपट्टी बांधली. ते मुकाट्यानं उभे राहिले.

सगळे गेल्यावर डॉक्टरांनी वही ओढली. "म्हणजे अशा माणसाच्या डोळ्यातून हा ताप जात नाही?"

"ते मी कसं सांगू? या खेपेला गेला नाही, एवढं सिद्ध आहे."

"तेवढंच लिहिते. तारखांसकट. मुंबईला माझ्या सरांना पाठवते. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला निदान एक ओळ तरी सापडेल." त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि मान वर केली. "शालूबाईला निरोप द्या, बरी झाली की कामावर ये म्हणावं. मुखपट्टीवरून मी ओरडणार आहे, तेही सांगा."

* * *

गुरुजींच्या तेराव्यानंतर तीन दिवसांनी पट्ट्या सुटल्या. गोजरबाईंची आधी सुटली. त्यांनी लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून जवळ आणला आणि ती फार वाळली म्हणून तिला रागावल्या.

भगवानरावांच्या खोलीत रामराव पायथ्याशी उभे होते. असोलकर आणि तुळशीराम दाराशी. डॉक्टरांनी बोलावणं पाठवलं होतं म्हणून कौशल्याबाईही आल्या होत्या. पन्नाशीकडे झुकलेली, बारीक अंगाची बाई. रामरावांनी स्वतः त्यांच्यासाठी खुर्ची आणली. त्या बसल्या नाहीत, खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

पट्टी निघाली. भगवानरावांच्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं. त्यांनी पापण्या मिटल्या, पुन्हा उघडल्या. खिडकीकडे पाहिलं, मग समोर. डॉक्टरांनी हात वर केला.

"किती बोटं?"

भगवानराव पाहत राहिले. इतका वेळ पाहत राहिले की तुळशीरामनं नकळत दाराची चौकट घट्ट धरली.

"तीन," ते म्हणाले. मग जरा पुढे झुकले. "आन् मधल्या बोटाला शाई लागलीय तुमच्या."

डॉक्टरांनी आपलं बोट पाहिलं. खरंच लागली होती. आधी रामराव हसले, मग विमलबाई, आणि मग खुर्चीमागं उभ्या असलेल्या कौशल्याबाई. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच. हसता हसता त्या पुढं येऊन खुर्चीवर बसल्या.